जुन्या चित्रपटांची स्वतःची आवड कशी घडवावी : ठाणे आणि नवी मुंबईतील नवख्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

"जुने चित्रपट पाहायचे आहेत, पण सुरुवात कोठून करू?" हा प्रश्न मला ओळखीची तरुण मंडळी नेहमी विचारतात. बहुतेक वेळा त्यांच्या हाती आधीच कोणीतरी दिलेली सर्वश्रेष्ठ चित्रपटांची एक लांबलचक यादी असते, आणि त्या यादीतील तिसऱ्या-चौथ्या चित्रपटाशीच उत्साह मावळलेला असतो. दोष त्यांचा नसतो आणि चित्रपटांचाही नसतो. चुकीच्या काळापासून सुरुवात, खराब प्रत, चुकीच्या पद्धतीने लावलेला पडदा आणि एका चित्रपटाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नसणे, या चार गोष्टींमुळे जुना चित्रपट कंटाळवाणा वाटतो. या चारही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. मी स्वतः ज्या क्रमाने गेलो आणि ज्या क्रमाने इतरांना नेले, तो क्रम येथे देत आहे. शेवटी तयार होणारी आवड मात्र प्रत्येकाची वेगळी असेल, आणि ती तशीच असायला हवी.

सुरुवातीपूर्वी हाताशी काय असावे

- टीव्ही, लॅपटॉप किंवा प्रोजेक्टर यांपैकी काहीही. मोबाइल चालणार नाही, त्याचे कारण पुढे आले आहे.
- बरे हेडफोन किंवा साधे स्पीकर.
- अंधार करता येईल अशी खोली आणि सलग अडीच तास.
- एक वही.
- जवळच्या ग्रंथालयाचे सभासदत्व. त्यासाठी सामान्यतः ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि अनामत रक्कम लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भाडेकराराची प्रतही सोबत ठेवावी.

१. पहिला काळ निवडा : १९५० चे दशक

पुष्कळ जण "अगदी पहिल्यापासून बघू" असे म्हणून मूकपटांकडे वळतात. हा विचार क्रमाच्या दृष्टीने बरोबर असला, तरी नवख्या डोळ्यांसाठी सोयीचा नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, येथपासून आपला इतिहास सुरू होतो. परंतु भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फारच थोडे आज शिल्लक आहेत, आणि त्यांतलेही अनेक तुकड्यांच्या रूपात आहेत. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेला पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' याची तर एकही प्रत उपलब्ध नाही. म्हणजे अगदी पहिल्यापासून पाहायचे ठरवले, तर सुरुवातीलाच रिकाम्या जागा लागतात.

माझा सल्ला असा की १९५० ते १९६० या दहा वर्षांत पाय रोवावेत. या काळात ध्वनिमुद्रण सुधारलेले आहे, बोलण्याची भाषा आपल्या कानाला जवळची आहे, आणि गाणी बहुतेकांना आधीच माहीत असतात. मराठीत राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) आणि हिंदीत बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' (१९५३) हे दोन चित्रपट एकाच आठवड्यात पाहावेत. एक हसवणारा आहे, दुसरा काळीज पिळवटणारा आहे, आणि या दोहोंपैकी कोणत्याकडे आपले मन अधिक वेळ रेंगाळते, हे आपल्या आवडीविषयी मिळणारे पहिले उत्तर असते. तेथून मागे १९३० च्या दशकात जाणे सोपे पडते. उलट दिशेने येणे अवघड जाते.

२. प्रत तपासा, मगच बसा

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण जुन्या चित्रपटाविषयीचे निम्मे गैरसमज वाईट प्रतीमुळे होतात. यूट्यूबवर एकाच चित्रपटाच्या पाच-सहा प्रती असतात आणि त्यांपैकी सर्वाधिक पाहिली गेलेली प्रत सर्वांत चांगली असेलच असे नाही. पुढील सापळे ओळखायला शिका.

*कापलेली प्रत.* दूरदर्शन किंवा व्हिडिओ कॅसेटच्या काळात वेळ वाचवण्यासाठी गाणी, क्वचित संपूर्ण प्रसंगही काढून टाकले जात. हे ओळखण्याची एक खात्रीची रीत आहे. चित्रपटाच्या आरंभी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते, त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) या गतीने मिनिटाला ९० फूट धावते. म्हणून फुटांतील लांबीला ९० ने भागले की मूळ चित्रपट किती मिनिटांचा होता ते कळते. ११,७०० फूट म्हणजे १३० मिनिटे. लांबी मीटरमध्ये असेल, तर साधारण २७.४ ने भागावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतातील टीव्ही आणि बऱ्याच डीव्हीडींची गती सेकंदाला पंचवीस चौकटी अशी असल्यामुळे १३० मिनिटांचा चित्रपट त्यावर सुमारे १२५ मिनिटांत संपतो, म्हणजे पाच मिनिटांचा फरक दिसला तर काही कापलेले आहे असे समजू नये. वीस मिनिटांचा फरक असेल, तर ती प्रत बाजूला ठेवावी.

*रंगवलेली प्रत.* 'मुगल-ए-आझम' (१९६०), 'नया दौर' (१९५७) आणि 'हम दोनों' (१९६१) हे चित्रपट पुढे रंगवून पुन्हा प्रदर्शित करण्यात आले. पहिल्या भेटीत ही आवृत्ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कृष्णधवल छायालेखकाने चेहऱ्यावरचा उजेड, भिंतीवरची सावली आणि वस्त्राचा पोत यांचा विचार करड्या छटांमध्येच केलेला असतो. त्यावर नंतर रंग चढवला की तो विचार झाकला जातो. 'मुगल-ए-आझम'चा काही भाग मुळातच रंगीत चित्रित झाला होता. कृष्णधवल प्रवाहात ते रंग अचानक उमलतात, तेव्हाचा परिणाम अनुभवायचा असेल, तर मूळ प्रतच पाहायला हवी.

*ताणलेली किंवा छाटलेली प्रत.* १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे जवळजवळ सर्व चित्रपट चौकोनाला जवळ असलेल्या चौकटीत चित्रित झाले आहेत. आजच्या रुंद पडद्यावर ते दाखवताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणे योग्यच आहे. काही लोक पडदा भरावा म्हणून चित्र ताणतात, त्यामुळे माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. काही जण वरखाली छाटतात, त्यामुळे डोक्यावरची टोपी आणि कपाळ नाहीसे होते. भारतातील पहिला सिनेमास्कोप, म्हणजे अतिरुंद चौकटीचा, चित्रपट 'कागज के फूल' १९५९ चा आहे. त्याआधीचा भारतीय चित्रपट कोठेही पूर्ण रुंद पडदा व्यापत असेल, तर त्या चित्राला बहुधा धक्का लागलेला आहे असे समजावे.

प्रत निवडताना निर्मात्या संस्थेची अधिकृत वाहिनी, पैसे भरून घेतलेली ओटीटी सेवा आणि डीव्हीडी यांना या क्रमाने प्राधान्य द्यावे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून अनेक जुन्या चित्रपटांच्या सुधारित डिजिटल प्रती तयार होत आहेत. अशी प्रत उपलब्ध असेल तर थोडे थांबून तीच पाहावी.

३. पडदा आणि आवाज लावून घ्या

हल्लीच्या टीव्हीमध्ये दोन चौकटींच्या मध्ये कृत्रिम चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण ती चित्राच्या सेटिंगमध्ये सापडते. ती बंद करा. तिच्यामुळे जुना चित्रपट दूरचित्रवाणी मालिकेसारखा दिसू लागतो. चित्राचा आकार 'मूळ' किंवा '४:३' यावर ठेवा, 'पूर्ण पडदा' यावर नको. खोलीतील मुख्य दिवा बंद करा, कारण करड्या छटांमधला फरक उजेडात दिसत नाही.

आवाजाच्या बाबतीत सभोवार पसरणारा परिणाम देणारी सोयही बंद ठेवावी. त्या काळचे ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचे (मोनो) आहे, ते समोरून आले तरच स्पष्ट ऐकू येते.

लोकलमध्ये मोबाइलवर चित्रपट पाहण्याची सवय अनेकांना आहे. ठाण्याहून सीएसएमटीला किंवा वाशीहून कुर्ल्याला जाताना वेळ सत्कारणी लागावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गाडीच्या खडखडाटात आणि तळहाताएवढ्या पडद्यावर जुन्या चित्रपटाची संथ लय टिकत नाही. प्रवासात त्या चित्रपटाची गाणी ऐकावीत, आणि तीही चित्रपट पाहून झाल्यावर. आधी ऐकलेले गाणे चित्रपटात आले की आपण प्रसंग विसरून फक्त गाणे ऐकू लागतो.

४. पहिला अर्धा तास सांभाळा

जुना चित्रपट आपली ओळख सावकाश करून देतो. श्रेयनामावली आरंभीच असते, पात्रे एकेक करून येतात, आणि अभिनयावर संगीत रंगभूमीची छाप असते. संवाद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावेत अशा आवाजात म्हटले जातात. पहिल्या अर्ध्या तासात हे सर्व परके वाटले, तरी उठू नये; फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि कान त्या लयीला लागू द्यावेत. अर्ध्या तासानंतरही मन लागले नाही, तर निःसंकोच थांबावे. सक्तीने पूर्ण केलेला चित्रपट पुढच्या चार चित्रपटांची इच्छा मारतो.

या काळात एक काम डोळ्यांना द्यावे आणि एक कानांना. 'कुंकू' (१९३७) हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. व्ही. शांताराम ऊर्फ शांतारामबापूंच्या या चित्रपटात वेगळे पार्श्वसंगीत नाही. घरातले आणि रस्त्यावरचे आवाज हेच त्याचे संगीत आहे. वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न मनाने नाकारणारी नीरा शांता आपटे यांनी उभी केली आहे. त्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून हा चित्रपट पाहिला, की नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला 'जुना' म्हणताना आपली जीभ अडखळते.

५. यादी सोडा, धागा धरा

आवड घडते ती या टप्प्यावर. एक चित्रपट आवडला की त्यातील नेमके काय आवडले ते ठरवा, आणि त्या माणसाचा किंवा त्या गोष्टीचा माग काढत पुढच्या चित्रपटाकडे जा. काही धागे देतो.

*ठाण्याचा धागा.* डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात तुम्ही नाटक पाहिले असेल. ज्यांचे नाव त्या वास्तूला दिले आहे, त्यांचा 'पाठलाग' (१९६४) पाहा. राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेल्या या रहस्यपटावरून राज खोसला यांनी हिंदीत 'मेरा साया' (१९६६) केला. दोन्ही पाठोपाठ पाहिले की एकच कथा कृष्णधवल मराठीत कशी आवळून सांगितली आहे आणि रंगीत हिंदीत कशी फुलवली आहे, हे लख्ख दिसते. मला मराठी चित्रपटातला ताण अधिक भावतो; तुम्हाला हिंदीतली गाणी जिंकतील, तर तोही तुमच्या आवडीचा कौल आहे.

*नवी मुंबईचा धागा.* पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो. या परिसरातील ठाकर आदिवासींच्या जगण्यावर गो. नी. दांडेकरांनी कादंबरी लिहिली आणि जब्बार पटेल यांनी त्यावर 'जैत रे जैत' (१९७७) केला. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि स्मिता पाटील, मोहन आगाशे यांचा अभिनय यांमुळे येथून निदान तीन वाटा फुटतात. दिग्दर्शकाची वाट धरली तर 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) येतात. दुसऱ्यातले मंत्रालय आणि मुंबई आपल्या रोजच्या बातम्यांना आजही जवळचे वाटतात.

*गदिमांचा धागा.* हा माझा सर्वांत आवडता धागा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. 'जगाच्या पाठीवर' (१९६०) पाहा. दिग्दर्शन राजा परांजपे यांचे, संगीत सुधीर फडके यांचे आणि शब्द ग. दि. माडगूळकरांचे. 'एक धागा सुखाचा' आणि 'जग हे बंदिशाला' ही गाणी आपण रेडिओवर ऐकलेली असतात. ती चित्रपटात कोणत्या क्षणी येतात हे पाहिल्यावर त्यांचा अर्थ दुप्पट होतो. त्यानंतर 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) पाहा. चित्रपट हिंदी आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम, पण कथा गदिमांची. तिच्यामागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथील खुल्या कारागृहाचा प्रत्यक्षात झालेला प्रयोग आहे, आणि हे स्वतंत्रपूर गदिमांच्या माणदेशातलेच. आटपाडीच्या बाजूच्या माळरानावर घडलेली गोष्ट १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार मिळवते, हा प्रवास समजून घेतला की एका लेखकाच्या नावावरून चित्रपट शोधण्याची गोडी लागते.

*प्रभातचा धागा.* १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली ही कंपनी एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित करी. 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९) किंवा 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) अशा जोड्या पाहाव्यात. 'पडोसी'मध्ये हिंदू शेजाऱ्याची भूमिका मजहर खान यांनी आणि मुसलमान शेजाऱ्याची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली आहे. हे माहीत असताना त्या दोघांची मैत्री पाहणे फार हृद्य आहे. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) मात्र एकट्याने, शांतपणे पाहावा. विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम जितके निर्मळ, तितकीच गौरी यांची आवली रोखठोक आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचा खरा तोल आवलीनेच सांभाळला आहे. त्यातील 'आधी बीज एकले' हे पद अनेकांना तुकोबांचा अभंग वाटते. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले आहे.

छायाचित्रणाची आवड असलेल्यांनी व्ही. के. मूर्ती यांचे नाव धरावे. 'कागज के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत उतरणारा तो प्रकाशाचा झोत आरशांवरून परावर्तित केलेल्या सूर्यप्रकाशाचा आहे. ज्यांना परभाषेत जायचे आहे, त्यांनी 'दो बीघा जमीन'वरूनच जावे. १९५२ च्या मुंबईतील पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात बिमल रॉय यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) पाहिला होता, आणि त्या पाहण्याची खूण त्यांच्या चित्रपटात स्पष्ट आहे.

६. वही ठेवा

प्रत्येक चित्रपटानंतर पाच-सहा ओळी पुरतात : नाव, वर्ष, प्रत कोठे पाहिली, एक लक्षात राहिलेले दृश्य, एक खटकलेली गोष्ट आणि पुढचा धागा. तारे किंवा गुण देऊ नयेत. चार तारे दिल्यावर आपण विचार करणे थांबवतो, तर "दुसऱ्या अर्ध्यात नायिकेला काही कामच उरले नाही" असे एक वाक्य लिहिले की पुढच्या चित्रपटात आपण तेच शोधू लागतो.

७. नापसंतीही नीट लिहा

थोरामोठ्यांनी गौरवलेला चित्रपट आपल्याला आवडला नाही, तर नवख्या माणसाला संकोच वाटतो. तसा वाटू देऊ नये, परंतु कारण शोधावे. लय आवडली नाही, की विचार पटला नाही, की अभिनय अंगावर आला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लय न आवडलेला चित्रपट काही वर्षांनी आवडू शकतो. विचार न पटणे अधिक खोलातले असते. जुन्या चित्रपटांत स्त्रियांविषयी आणि जातींविषयी आज मान्य न होणाऱ्या गोष्टी येतात. त्यांच्याकडे डोळेझाक करणे जितके चूक, तितकेच त्या एका कारणाने संपूर्ण काळ फेटाळणे चूक आहे. 'कुंकू' त्याच काळातला आहे, हे आठवावे.

दुसरा सापळा याच्या उलट आहे. काही दिवसांनी "त्या काळासारखे आता काही होत नाही" असे म्हणण्याचा मोह होतो. जुन्या काळातही सामान्य चित्रपट भरपूर निघाले. ते पुढे कोणी दाखवले नाहीत, म्हणून आपल्यापर्यंत आले नाहीत.

८. घराबाहेर पडा

ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. अशा जुन्या ग्रंथालयात चित्रपटविषयक मराठी पुस्तके मागावीत : दुर्गा खोटे यांचे 'मी दुर्गा खोटे', हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका', शांतारामबापूंचे 'शांतारामा' आणि अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका'. शेवटचे पुस्तक वाचण्यापूर्वी गुरुदत्त यांचे 'प्यासा' (१९५७) आणि 'कागज के फूल' पाहून घ्यावेत. 'सांगत्ये ऐका' वाचल्यावर त्यावर बेतलेला श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) पाहावा.

मुंबईत पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये खुले झाले. ठाण्याहून दादरला गाडी बदलून पश्चिम मार्गाने ग्रँट रोडला उतरणे सोयीचे पडते. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुटी तपासावी, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. जुने कॅमेरे आणि प्रक्षेपणयंत्रे डोळ्यांनी पाहिल्यावर घरी पाहिलेल्या चित्रांचे वजन कळते.

चित्रपट संस्थेचे (फिल्म सोसायटीचे) वार्षिक सभासदत्वही घ्यावे. १९६८ पासून मुंबईत काम करणारे प्रभात चित्र मंडळ ही मराठी माणसांना परिचित संस्था आहे. अनोळखी प्रेक्षकांबरोबर पाहताना आपण जेथे हसत नाही तेथे इतर हसतात, आणि त्यातून बरेच शिकायला मिळते.

९. सोसायटीत खेळ लावायचा असेल तर

घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये बहुतेक मोठ्या संकुलांत क्लबहाऊस आणि प्रोजेक्टर असतो, आणि ज्येष्ठ नागरिक संघही असतो. अशा ठिकाणी महिन्यातून एक जुना चित्रपट दाखवणे सहज जमते, मात्र हक्कांचा विचार आधी करावा. घरगुती ओटीटी सभासदत्व सामूहिक खेळासाठी नसते. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे १९६० च्या चित्रपटाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. गीतांचे आणि संगीताचे हक्क गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, असे वेगळे मोजले जातात. म्हणून हक्कदाराची लेखी परवानगी मिळवून ती समितीच्या फाइलमध्ये लावणे हाच सुरक्षित मार्ग आहे. त्यासाठी महिनाभर आधी पत्र पाठवावे. त्यात चित्रपटाचे नाव, तारीख, स्थळ, अंदाजे प्रेक्षकसंख्या आणि प्रवेश विनामूल्य असल्याचा उल्लेख करावा.

खेळाची वेळ रविवारी सायंकाळी पाचची ठेवावी, म्हणजे ज्येष्ठांना रात्र होत नाही. आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर दहा मिनिटे प्रत लावून आकार आणि आवाज तपासावा. मध्यंतर मूळ चित्रपटात जेथे आहे तेथेच घ्यावे. चित्रपट संपल्यावर अर्धा तास बोलण्यासाठी राखावा, आणि ज्यांनी तो चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा पाहिला असेल, त्यांना सर्वांत आधी बोलायला सांगावे. कोणत्या चित्रपटगृहात पाहिला, सोबत कोण होते आणि तेव्हा काय आवडले, हे तीन प्रश्न विचारले की पुढचा खेळ कोणत्या चित्रपटाचा असावा हे सहसा तेथेच ठरते.